फुटेज कापलेलं नाही

मला लिहायला पत्रकांनी शिकवलं. शाळेत निबंध लिहिले होते, पण ते मार्कांसाठी. पत्रक बसस्टँडवर उभ्या असलेल्या माणसासाठी असतं आणि तो बस लागेपर्यंतच उभा असतो. म्हणून कोणी कोणाचं काय केलं ते पहिल्या ओळीतच सांगायचं. ‘कदाचित’, ‘असे समजते’ हे शब्द आम्ही कधी छापले नाहीत. ते सरकारी शब्द. आमचं साधं होतं. केलं. लपवलं. जबाब द्या.

माझी आई रामाकोन्याच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवते. तिचं म्हणणं, माझ्या जिभेला आधीच हाड नव्हतं आणि आता तर मी छापूनही राहिले. सौसरला मी ज्या गटात काम करते तिथे मला त्या जिभेमुळेच ठेवलं. गट म्हणजे मोजकी माणसं आणि एका प्रिंटिंग प्रेसची मागची खोली. आमच्यात वयानं मोठा एक दादा आहे, मजुरांच्या तक्रारी तोच पाहतो. मावशीची तक्रार त्याच्याकडेच आली आणि त्यानं ती माझ्याकडे दिली.

मावशी तिगावची. आमच्याच समाजाची, पण नात्याची नाही. संत्र्याच्या मोसमात ती पांढुर्ण्याबाहेरच्या एका पॅकिंग शेडवर छाटणीला जायची. पट्ट्यावरून संत्री येतात, बाया दोन्ही बाजूंनी उभ्या राहून डागी, फुटकी फळं वेगळी काढतात, चांगली पुढे मेणाच्या मशीनमध्ये जातात आणि क्रेटमध्ये भरली जातात. तिचा मुलगा त्याच शेडवर क्रेट ट्रकमध्ये चढवायला होता. लग्न ठरायच्या वयाचा. नवरा आधीच गेलेला, घरात ही दोघंच. मृग बहाराचा माल संपत आला होता, ऊन चढलं होतं, वर पत्र्याचं छप्पर. त्या दिवशी दुपारी मुलाला भोवळ आली. तो रिकाम्या क्रेटच्या थप्पीला टेकून बसला. बसला तो उठला नाही. लोकांच्या लक्षात आलं तेव्हा त्याला गाडीत घालून अस्पताळात नेलं. तिथं सांगितलं, उशीर झाला.

शेडच्या मालकानं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की पोरगा घरूनच आजारी आला होता, मशीन लागली नाही, कोणी हात लावला नाही, आमच्याकडे कॅमेरा आहे, पाहून घ्या. हे ‘पाहून घ्या’ ऐकलं आणि मी तडक पोलीस थान्यात गेले.

का, ते सांगते. नागपूरला एका शिबिरात मी एक गोष्ट शिकले होते. संगणकाला कोणतीही फाइल दिली की तो ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि तिच्यावरून आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ काढतो. त्याला हॅश म्हणतात, आम्ही ठसा म्हणायचो. तीच फाइल परत दिली की ओळ तीच येते. पण फाइलीत एक ठिपका जरी बदलला तर पार वेगळी ओळ येते. आता कायदाही असा झाला आहे की कॅमेऱ्याचं फुटेज पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र जोडायचं आणि त्यात हा ठसा लिहायचा. शेडचा मुनीम अर्धवट भरलेलं प्रमाणपत्र घेऊन आला होता. ठशाची जागा कोरी. मी हवालदाराच्या टेबलासमोरून हलले नाही. कॅमेरावाल्याला फोन करून बोलावलं, थान्यातल्याच संगणकावर ठसा काढायला लावला, लिहायला लावला. हवालदार ती ओळ पाहून म्हणाला, "मैडम, ये किसका फोन नंबर है, लगेगा कहाँ?"

मी हसले नाही. ती ओळ उतरवून घेतली आणि सौसरला येऊन पत्रकात छापली. ही आमच्या गटाची रीत. कागद सरकारकडून हरवतात, पेनड्राइव्ह खराब होतात, पण पत्रक एकदा वाटलं की ते पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीत, कोणाच्या तरी घरी डब्याखाली अंथरलेलं राहतं. सगळीकडून ते गोळा करून कोण बदलणार? प्रेसवाले काका मात्र वैतागले. त्यांच्या मराठी टायपात ती ओळ टाकली की इंग्रजी अक्षरांच्या जागी काने, मात्रा आणि अर्धी व्यंजनं यायची. पहिल्या प्रूफात नुसता चिखल होता. काका म्हणाले, तुझा मालक या मंत्रानं मरत असेल तर सांग, मी अजून मोठ्या अक्षरात छापतो. मग टाइप बदलला आणि आम्ही ती ओळ लग्नपत्रिका तपासतात तशी तपासली. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पेन्सिल ठेवत जायचं. काका वाचत होते, जणू नवरदेवाच्या सगळ्या काकांची नावं आहेत. पत्रकाच्या तळाशी आम्ही लिहिलं : हा फुटेजचा ठसा आहे. आता बदलून दाखवा.

मला वाटत होतं की मी दार बंद केलं. मालकाला आता बदलता येणार नाही. दार दोन्ही बाजूंनी बंद होतं हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मग ती क्लिप फिरायला लागली. शेडवरच्याच कोणी तरी कॅमेऱ्याच्या पडद्यावरून मोबाइलनं काढलेली, व्हॉट्सअॅपवर या गटातून त्या गटात. मावशीला ती तिच्या पुतण्यानं दाखवली. दाखवली नसती तर बरं झालं असतं, पण आजकाल कोणाच्या हातात काय थांबतं.

दुसऱ्या दिवशी मावशी सौसरला आली. तिगावहून ऑटोनं पांढुर्णा, तिथून बस. आमच्या खोलीत खुर्ची दिली तरी ती जमिनीवर बसली, पाय पोटाशी घेऊन. पाणी दिलं, तिनं बाजूला ठेवलं. तिचं बोलणं आधी नीट कळेना. मग एकदम सरळ बोलली.

"त्याहीनं कापलं व पोरी. मी त्याले पाणी पाजलं, ते कापलं."

तिनं सांगितलं ते असं. दुपारी ती खराब संत्र्यांची पाटी घेऊन मागच्या ढिगाकडे चालली होती. मुलगा थप्पीला टेकून बसलेला दिसला. ती थांबली, वाकली, त्याला पाणी पाजलं, तोंडावरून पदर फिरवला आणि मग कामावर गेली. क्लिपमध्ये मुलगा बसलेला दिसतो. माणसं येतात, जातात. ती कुठंच नाही.

तिनं आणखी एक सांगितलं आणि त्यासाठीच ती आली होती. घरी पुण्यानुमोदन व्हायचं होतं. आमच्यात त्या दिवशी भन्तेजी येतात, आणि घरची माणसं एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओततात, गेलेल्याच्या नावानं. जलदान. मावशी म्हणाली की मी माझ्या हातानं त्याला शेवटचं पाणी दिलं असेल तरच त्या भांड्याला हात लावीन. नाही तर कोणत्या तोंडानं लावू. नातेवाईक तिला समजावून थकले होते. तिला समजूत नको होती. ती म्हणाली, "तू ते मशीनवर पाह्यतं ना? कापलं हाय का नाही, येवढंच पाह्यून सांगजो."

मी तिला ठसा म्हणजे काय ते तिच्या कामातून समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, समजा भरलेल्या क्रेटचं वजन लिहून ठेवलं. नंतर कोणी एक संत्रं काढलं तर वजन जुळणार नाही. तसं आहे.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या दुःखातही तिला माझी कीव आली. "येक काढून त्याच्याच येवढं दुसरं ठेवलं तं? आमी तं रोजच ठेवतो व."

म्हटलं, इथं तसं ठेवलं तरी कळतं.

"मंग चांगलं हाय," ती म्हणाली आणि तेव्हा पाणी प्यायली.

क्लिपचा ठसा काढून उपयोग नव्हता. व्हॉट्सअॅप प्रत्येक व्हिडिओ दाबून लहान करतं, वर ही तर पडद्यावरून काढलेली. ती जुळणारच नव्हती आणि न जुळल्यानं काही सिद्धही होत नव्हतं. मी दादाला तसं सांगितलं. दादाला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, जुळत नाही ना, मग छापायला तेवढं पुरे. मी म्हटलं, पूर्ण फाइल येऊ दे. तक्रार मावशीच्या नावानं होती, वकिलामार्फत प्रत मागता येत होती. तोपर्यंत मी पत्रक लिहून ठेवलं. मथळा बसल्या बसल्या सुचला : आईनं पाजलेलं पाणीही कापलं. मी आजवर लिहिलेल्या मथळ्यांतला तो सगळ्यात चांगला होता. वाचून काकांनी चष्मा काढला होता. मला स्वतःला तो पाठ झाला होता.

प्रत पेनड्राइव्हवर आली. मी ती प्रेसच्या संगणकाला लावली, ठसा काढायला दिला. फाइल मोठी होती, वेळ लागत होता. काका म्हणाले, चहा सांगू का. मी नको म्हटलं. ओळ पडद्यावर आली. मी भिंतीवर चिकटवलेलं आमचंच पत्रक काढून काकांच्या हातात दिलं. ते तळाची ओळ वाचायला लागले, मी पडद्यावर बोट ठेवत गेले. सात. सी. परत सी. शून्य. काकांचा आवाज तोच, पत्रिकेचा. अर्ध्यावर आल्यावर मला कळून चुकलं होतं. ठसा थोडा जुळत नसतो. एक तर सगळा जुळतो, नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरालाच फिसकटतो. तरी मी बोट सरकवत राहिले. वाटत होतं, शेवटचं एखादं तरी अक्षर.

"बराबर," काका म्हणाले. "एक बी गलती नाही." प्रूफ स्वच्छ निघालं की त्यांचा चेहरा उजळतो, तसा उजळला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

एक फट शिल्लक होती. ठसा थान्यात काढला. म्हणजे थान्यात आल्यापासून फाइल बदलली नाही एवढंच तो सांगतो. त्याच्या आधी एक रात्र आणि एक सकाळ ती शेडच्या ऑफिसात होती. तेव्हा कोणी कापलं असेल तर? मी त्या फटीत जाऊन बसले. पत्रकात ते लिहिता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं.

म्हणून मी फुटेज पूर्ण पाहिलं. कॅमेरा छपराखालच्या कोपऱ्यात आहे, अर्धी शेड दिसते. आवाज नाही. वरच्या कोपऱ्यात घड्याळ चालतं, सेकंदासकट. कापलं असतं तर ते घड्याळ कुठं तरी उडी मारतं. मी त्या घड्याळावर नजर लावून बसले आणि ते एकदाही अडखळलं नाही. पट्टा चालूच होता, त्यावरची फळं सरकत होती, तीही कुठं तुटली नाहीत. मागच्या झडपेतून पडणारा उन्हाचा पट्ट्याएवढा चौकोन जमिनीवरून हळूहळू सरकत होता. ते कोण कापून जोडणार?

आणि मावशी होती. क्लिप जिथं सुरू होते त्याच्या थोडं आधी. डोक्यावर पाटी घेऊन ती येते. मुलापाशी थांबते. वाकते, पण पाटी डोक्यावर असल्यामुळे पूर्ण वाकता येत नाही, नुसती मान आणि गुडघे. तिचा एक हात पाटीला आहे. दुसरा हात मोकळा आहे, त्यात काही नाही. तिचं तोंड हलतं. पलीकडून ट्रकपाशी उभा असलेला मुकादम हात वर करतो. ती सरळ होते आणि जाते. थोड्या वेळानं, क्लिप सुरू व्हायच्या आधीच, रिकामी पाटी घेऊन परत येते, मुलाकडे पाहते, थांबत नाही. पाणी कुठंच नाही. पाण्याचा ड्रम त्या शेडमध्ये आतच नव्हता. तो बाहेर फाटकाजवळ होता आणि ट्रक भरेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही असा तिथला नियम होता.

मी ते परत लावलं. परत लावल्यानं काही बदलत नाही, हे सगळ्यात चांगलं मलाच माहीत असायला हवं होतं.

दादाशी माझं भांडण झालं ते त्या संध्याकाळी. तो म्हणाला, जुळलं तर जुळलं, लोकांना ठसा काय समजतो, मथळा राहू दे. मी म्हटलं, पत्रकाच्या खाली आपणच छापलं ना, बदलून दाखवा म्हणून. मग आता आपण बदलायचं?  त्यानं जे सांगितलं ते बरोबर होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. तो म्हणाला, न कापलेलंच छाप. मालकाला कापायची गरजच वाटली नाही, कारण त्याला त्यात काही वाईट दिसलंच नाही. पोरगा मरून राहिला आणि त्याची स्वतःची माय त्याच्यासमोरून पाटी घेऊन गेली, तिला थांबू दिलं नाही. यापेक्षा मोठं काय छापशील?

मी म्हटलं, गाव त्यातलं एकच वाचेल. माय समोरून गेली.

"तू कधीपासून विचार करून छापायले लागली?" दादा म्हणाला.

मी तिगावला गेले. पांढुर्ण्याला उतरून ऑटो धरला. रस्ताभर मी ती फट घेऊन बसले होते. मावशी, थान्याच्या आधीचं मला सांगता येत नाही. एवढंच म्हणायचं. एक अक्षर खोटं नाही. ती तिचा अर्थ काढील, भांड्याला हात लावील. माझ्यासारखीला ‘कदाचित’ हा शब्द पहिल्यांदा कामाचा वाटला.

मावशी ओट्यावर तूर पाखडत होती. शेडवर ती परत गेली नव्हती. सूप खाली ठेवून तिनं माझ्यासाठी तुरीची रिकामी बोरी अंथरली आणि मी बसायच्या आधीच विचारलं, "कापलं ना?"

जे पाठ केलं होतं ते माझ्या तोंडात आलं नाही.

"कापलेलं नाही, मावशी."

 ती सुपातल्या तुरीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, मी त्यात हाय का? मी हो म्हटलं. वाकली होती का? वाकल्या होत्या. हे तिला थोडं आधाराचं वाटलं असावं, कारण ती पुढे सरकली. मग काय केलं मी, तिनं विचारलं. मी सांगितलं, काही तरी बोलल्या तुम्ही, त्यात आवाज नाही.

 शेजारच्या घरी टीव्ही चालू होता, कोणी तरी बंद केला.

"मी म्हटलं, ऊठ बाबू, मुकादम पाह्यून राह्यला."

ते तिला तेव्हाच आठवलं की आधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही. ती रडली नाही. तिनं सूप उचललं, दोनदा पाखडलं, फोलपटं उडाली, परत ठेवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मंग पाणी आदल्या दिवशी पाजलं असन मी. आदल्या दिवशी बी तो असाच बसला होता."

मी म्हटलं, असेल.

आदल्या दिवसाचं फुटेज कोणाकडे नाही. कॅमेऱ्याच्या मशीनमध्ये जागा संपली की ते जुनं पुसून त्यावर नवं भरतं, आणि थान्यानं त्या एकाच दिवसाचं मागितलं होतं. मीही तेवढंच मागितलं होतं. त्या पुसल्या गेलेल्या दिवसात मावशीनं मुलाला पाणी पाजलं. मी हे मानते. याला पुरावा माझ्याकडे नाही आणि मला तो नको.

निघताना मी तिला दादाचं म्हणणं सांगितलं. न विचारता छापणार नाही, हेही सांगितलं. मला वाटलं ती नाही म्हणेल, आणि ती नाही म्हणाली असती तर मला हलकं वाटलं असतं. तिनं विचारलं, छापलं तर काय होईल. मी खरं सांगितलं की काही होईल असं नाही. फार तर ड्रम आत येईल.

"छाप मंग," ती म्हणाली. "पण मी होती असं नोको लिहू. येक बाई होती, असं लिही."

काकांनी प्रूफ वाचताना तिथंच पेन्सिल थांबवली. एक बाई त्याच्यापाशी थांबली, मुकादमाने तिला पुढे जायला लावले. काकांना ती बाई कोण हे माहीत होतं, त्यांनी ते फुटेज माझ्या मागे उभं राहून पाहिलं होतं. ते म्हणाले, "इथं गलती हाय."

मी म्हटलं, नाही. तसंच राहू द्या.

त्यांनी पेन्सिल पुढे सरकवली. तळाची ओळ आम्ही परत वाचली, सात, सी, सी, शून्य, ती बरोबर होती. आमच्या हातून फुटेज बदललं नाही, पत्रकातला एक शब्द बदलला. पत्रकाला ठसा नसतो.

पत्रक वाटलं. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर, सौसरला, बोरगावच्या रस्त्यावर. लोकांनी घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. काहींनी तिथंच टाकलं, ते मी उचललं. चौकशी चालू आहे, तारीख पडते आणि पुढे जाते, आणि फुटेज अस्सल आहे असा मालकाच्या वकिलाचा दावा आहे, त्याला आमची हरकत नाही. शेडमध्ये आता पाण्याचा मोठा डबा, कॅम्पर, आत ठेवला आहे. मी जाऊन पाहिलं. बरोबर कॅमेऱ्यासमोर ठेवला आहे, दिसेल असा. नियम तोच आहे.

पुण्यानुमोदनाला मावशी बसणार की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. मी लवकर गेले आणि मागे बायांमध्ये बसले. त्रिसरण, पंचशील झालं. मुलाचा फोटो लहान होता, आधार कार्डावरचा वाढवून घेतलेला, त्यामुळे तो त्यात जरा घाबरल्यासारखा दिसत होता. भन्तेजींनी तांब्या आणि वाटी पुढे केली. पुतण्या हात पुढे करणार, तेवढ्यात मावशी उठली. ती फोटोच्या समोर येऊन बसली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी तांब्या धरला. भन्तेजी पाठ म्हणत होते आणि ती धार सोडत होती, बारीक, न तुटता. वाटी भरली, पाणी खालच्या ताटलीत उतरू लागलं. पाठ संपला. तांब्यातलं पाणीही संपलं होतं. ती तो तसाच तिरका धरून बसली. 

पुतण्या मोबाइलवर व्हिडिओ काढून राहिला होता. मी माझा मोबाइल काढला नव्हता.

जेवणं झाल्यावर बाया भांडी आवरत होत्या. मावशी पुतण्याचा मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. तिला तो कसा चालू करायचा ते येत नव्हतं. तिनं तो माझ्या हातात दिला आणि अगदी हळू विचारलं, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये असं.

"पाह्य बरं पोरी, याच्यात दिसते का मी पाणी टाकताना?"

मी पाहिलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं, ती माझ्या बाजूला उभी होती.

"दिसता, मावशी."

"नीट दिसते?"

"नीट दिसता."

तिनं मोबाइल परत घेतला आणि पदरानं त्याची काच पुसली.